फोटो जरा मोठा घे

रत्नागिरीत राम आळीपासून मारुती मंदिरापर्यंत चालत गेले तर डोक्यावर इतके वाढदिवस साजरे होताना दिसतात की निम्मे शहर एकाच आठवड्यात जन्मले असावे असा संशय येतो. कुणी भावी नगरसेवक, कुणी गोरगरिबांचा आधारवड, कुणी नुसताच 'आपला माणूस'. त्यांच्या अधूनमधून ओव्हरआर्म क्रिकेट स्पर्धा, नमनाचा प्रयोग, गावच्या पालखीचे आगमन आणि चाकरमान्यांचे हार्दिक स्वागत. हे सगळे जन्माला येते एकाच ठिकाणी. फ्लेक्सच्या दुकानात काचेमागे बसवलेल्या संगणकावर, कोरलड्रॉ नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये. बोलताना त्यातला 'ड्रॉ' गळतो आणि नुसते 'कोरल' उरते. "कोरल येतं का?" हा या दुकानांतल्या मुलाखतीचा पहिला प्रश्न असतो, आणि बहुतेक वेळा शेवटचाही.

बारावीनंतर काय करायचे ते ठरेपर्यंत पोरगा घरात रिकामा बसू नये, म्हणून घरचे त्याला अशा एखाद्या दुकानात नेऊन बसवतात. त्याची एमएस-सीआयटी झालेली असते, मराठी टायपिंगही येत असते. दुकानातला जुना डिझायनर, ज्याला तिशी गाठायच्या आत सगळे 'दादा' म्हणू लागलेले असतात, तो या नव्या पोराला शेजारी स्टूल सरकवतो आणि सांगतो, "बघत राहा." अभ्यासक्रम एवढाच. खरे तर कोरलमध्ये उजव्या बाजूला 'हिंट्स' नावाचा एक कप्पा उघडता येतो. हातात जे अवजार घ्यावे त्याची माहिती तो निमूटपणे देत राहतो, कंटाळत नाही, रजा मागत नाही. दादा शिकवायला बसला की सगळ्यात आधी तो कप्पा बंद करतो. जागा अडवतो म्हणून.

नवे पान उघडताना कोरल एक चौकट पुढे करते आणि विचारते: फाइलचे नाव काय, पान केवढे, मोजायचे कशात, रंग कुठल्या पद्धतीचे. हे सॉफ्टवेअर कॅनडातल्या ओटावाचे, जानेवारी १९८९ मध्ये बाजारात आलेले. काम सुरू करण्याआधी माणसाला काय करायचे आहे ते ठाऊक असते, असा तिथल्या लोकांचा प्रामाणिक समज असावा. रत्नागिरीतले गिऱ्हाईक "तू चालू तर कर, मग सांगतो" म्हणते. त्यामुळे फाइलचे नाव 'अनटायटल्ड' राहते. पुढे ती 'फायनल', मग 'फायनल नवीन', मग 'फायनल अध्यक्ष ओके' होते, आणि छापायला जाते ती 'फायनल' नाव नसलेली पाचवीच कुठलीतरी.

रंगांच्या प्रश्नाचे मात्र उत्तर द्यावेच लागते. आरजीबी पडद्यासाठी, सीएमवायके छपाईसाठी. नवा पोरगा आरजीबी ठेवतो. पडद्यावर हिरवा रंग असा झगझगतो की मंडळाचे खजिनदारही खूश होतात. मशिनमधून तोच हिरवा मळकट होऊन बाहेर येतो. गिऱ्हाईक म्हणते रंग बदलला, मशिनवाला म्हणतो शाई तीच आहे, आणि दोघांचेही खरे असते. पडदा प्रकाश मिसळून रंग दाखवतो, मशिन शाई मिसळून. प्रकाशाला जमणारे काही रंग शाईच्या आवाक्यात नसतात. पदार्थविज्ञानाचा हा धडा काउंटरवर उभ्याउभ्या, उरलेले पैसे द्यायचे की नाही या वादात शिकवला जातो.

आकाराची तऱ्हा वेगळी. फ्लेक्स चौरस फुटावर विकला जातो आणि सॉफ्टवेअर आपणहून मोजते मिलिमीटर नाहीतर इंचात. म्हणून जाणते डिझायनर फुटाला इंच धरतात. दहा बाय आठ फुटांचा बॅनर पडद्यावर दहा इंच बाय आठ इंच करायचा आणि छापताना मशिनला बारापट मोठा करायला सांगायचे. हिशेब चोख आहे. फक्त तो गिऱ्हाइकाच्या कानावर पडता कामा नये. एकदा का त्याने मोजपट्टीवर 'दहा इंच' वाचले की त्याची खात्री होते, आपल्याला वहीएवढा कागद देऊन फसवणार.

एवढे झाले की पान उघडते आणि कामाची सगळी मांडणी समोर येते. नकाशा सोपा आहे. डावीकडे अवजारांची उभी पट्टी. वर मेन्यू, त्याखाली बटणांच्या रांगा. पानाच्या वर आणि डावीकडे मोजपट्ट्या. उजवीकडे डॉकर म्हणजे कप्पे, आणि त्यांच्याही पलीकडे रंगांचे उभे चौकोन. तळाला स्टेटस बार. मधोमध पांढरे पान, आणि ते टेबलावर ठेवले आहे असे वाटावे म्हणून त्याच्या कडेला बारीक सावली.

मेन्यूखालच्या रांगांपैकी प्रॉपर्टी बार सगळ्यात लबाड. त्याला स्वतःचे मत नाही. काहीच निवडलेले नसेल तेव्हा तो पानाची लांबी-रुंदी सांगतो. अक्षरे निवडली की फॉन्ट दाखवतो. चौकोन निवडला की कोपरे किती गोल करायचे ते विचारतो. नव्या पोराची दुपारभर एकच तक्रार असते, "दादा, मघाशी इथे बटण होतं, ते गेलं." बटण गेलेले नसते, याची निवड सुटलेली असते. स्टेटस बारकडे बघितले असते तर तिथे काय निवडले आहे ते लिहिलेले असते. पण स्टेटस बार पडद्याच्या तळाशी असतो, आणि त्याच्यासमोर चहाचा कप.

डावीकडची पट्टी पाहिली की हे चित्र काढायचे सॉफ्टवेअर आहे हे पटते. वर निवडीचा बाण, पिक टूल. त्याखाली आकाराला वळण देणारे शेप टूल. मग कापायचे, मग झूम, मग मुक्तहस्त रेषेची लेखणी, चौकोन, वर्तुळ, बहुकोन, अक्षरे. चित्रकाराला हवे ते सगळे हाताशी. अडचण एवढीच की दुकानात चित्र काढून घ्यायला कुणी येत नाही. दादाचा दिवस बाणावर जातो. फोटो उचलायचा, ठेवायचा, कोपऱ्याला धरून ओढायचा, पॉवरक्लिप करून चौकटीत कोंबायचा, कंट्रोल-जी दाबून सगळ्यांना एका गटात बांधायचे, आणि गटातल्या एकाला दुसऱ्याच्या शेजारी उभे राहायचे नसेल तर कंट्रोल-यू दाबून गट फोडायचा. लेखणीवर महिनोन्‌महिने क्लिक पडत नाही. देवरुखच्या आणि सावर्ड्याच्या कला महाविद्यालयांतून पेन्सिलीवर हात बसवून आलेली मुले या खुर्चीत बसतात, तेव्हा त्यांना कुणी मानवाकृती येते का विचारत नाही. "बॅकग्राउंड काढता येतं ना?" एवढेच विचारतात.

पानाबाहेरची मोकळी जागा ही या सगळ्यातली मोठी सोय. तिथे ठेवलेली वस्तू छापली जात नाही, पण फाइलमध्ये राहते. कोकणातल्या घराला जसा माळा, तशी ही जागा. कधीतरी लागेल म्हणून काय काय चढवून ठेवलेले. हळद-कुंकवाची ताटे, चार प्रकारचे गणपती, सोनेरी किनार, झेंडूची तोरणे, फलंदाजाची सावली, उडती कबुतरे, आणि मागच्या निवडणुकीत दुसऱ्या पक्षात असलेल्या उमेदवाराचा हात जोडलेला फोटो. तो टाकवत नाही. पक्ष बदलला तरी नमस्कार तोच चालतो.

या जागेचा त्रास एकच. कधीतरी हात घसरून एखादा ठिपका पानापासून फार लांब जाऊन पडतो. एफ-४ दाबले की कोरल फाइलमधल्या सगळ्या वस्तू पडद्यावर मावतील एवढे दृश्य लांब नेते, आणि 'सगळ्या' म्हणजे सगळ्या. तो ठिपकाही कोरलच्या लेखी वस्तूच. मग दहा बाय आठचा बॅनर, पंधरा पदाधिकाऱ्यांसकट, पडद्याच्या एका कोपऱ्यात दिसेनासा होतो. मागे उभे असलेले मंडळ घाबरते. "उडालं काय रे सगळं?" शिफ्ट धरून एफ-४ दाबले की पान जागेवर येते. दादा ही कळ मुद्दाम थोडी थांबून दाबतो. आपल्या कामाची किंमत लोकांना कळावी असे क्षण दिवसाला फार येत नाहीत.

उजवीकडची रंगांची रांग साधी वाटते आणि तिथेच नवशिके सर्वाधिक जायबंदी होतात. नियम असा: वस्तू निवडून रंगावर डावे क्लिक केले की आत रंग भरतो, उजवे केले की कडेच्या रेषेला लागतो, आणि वरच्या फुलीच्या चौकोनाने भरलेला रंग काढून टाकता येतो. इथवर ठीक. पण काहीच निवडलेले नसताना रंगावर क्लिक झाले तर कोरल एक चौकट उघडून विचारते की यापुढच्या नव्या वस्तूंना हाच रंग लावायचा का. नवा पोरगा चौकट वाचत नाही. चौकट म्हणजे 'ओके' दाबायची जागा, एवढे शिक्षण त्याने आधीच घेतलेले असते. त्यानंतर काढलेला प्रत्येक चौकोन राणी रंगाचा, टाइप केलेले प्रत्येक अक्षर राणी रंगाचे. संध्याकाळी 'भावपूर्ण श्रद्धांजली' राणी रंगात उमटते, तेव्हा कुठे दादाला कळते की सकाळी काहीतरी झाले होते.

मांडणीतला जो भाग कोरलच्या कुठल्याच मदत-पुस्तिकेत दाखवलेला नाही, तो म्हणजे खुर्चीमागची जागा. तिथे मंडळाचे अध्यक्ष, खजिनदार, त्यांना स्कूटरवर घेऊन आलेला भाचा आणि दुसऱ्याच कामासाठी येऊन यात ओढले गेलेले एक काका, असे चौघे उभे असतात. चौघांच्याही बोटाला पडद्यावर टेकायची सवय असते.

"साहेबांचा फोटो जरा मोठा घे."

"मग अध्यक्षांचा झाकतोय, काका."

"अध्यक्षांचा खाली सरकव."

"खाली खजिनदार आहेत."

इथे खजिनदार खाकरतात. दादा काही बोलत नाही. तो अध्यक्षांचा फोटो जरासा मोठा करतो, कंट्रोल-झेड दाबून पुन्हा होता तेवढा करतो, आणि विचारतो, "आता?" अध्यक्ष म्हणतात, "हां, आता बरोबर."

चेहऱ्यावरून भांडणे कोरलला नवीन नाहीत. कोरल कंपनीच्या चित्रस्पर्धेत एकदा एका चित्रकाराने काढलेले हेडी लमारचे चित्र पहिले आले आणि ते १९९७ पासून सॉफ्टवेअरच्या खोक्यावर झळकू लागले. हेडी लमार ही हॉलिवूडची गाजलेली नटी. शिवाय दुसऱ्या महायुद्धात रेडिओ संदेशांची वारंवारता सतत बदलत ठेवण्याच्या युक्तीचे पेटंट १९४२ मध्ये एका संगीतकाराबरोबर मिळवलेली बाई. तिने आपल्याला न विचारता चेहरा वापरला म्हणून कोरलला कोर्टात खेचले. प्रकरण १९९८ मध्ये आपसात मिटले. फोटो छापला म्हणून कोर्टात जाणारी माणसे असतात, ही गोष्ट रत्नागिरीत कुणाला सांगून पटणार नाही. इथे भांडण होते ते छापला नाही म्हणून.

आणि तो फोटो तरी कसला! लग्नातल्या गर्दीत काढलेला, तीन गटांतून फिरून आलेला, व्हॉट्सॲपने प्रत्येक मुक्कामावर पिळून काढलेला. फोटो म्हणजे ठरावीक संख्येचे रंगीत ठिपके. ते दहा फुटांवर ताणले की ठिपक्यांचे चौकोन होतात आणि साहेबांच्या मिशीची पायरीपायरीने उतरंड दिसू लागते. कोरलमध्ये काढलेली रेष अशी फुटत नाही, कारण तिथे ठिपके साठवलेलेच नसतात. रेष कुठून निघते, कशी वळते, कुठे संपते, एवढे गणित साठवलेले असते. तेच व्हिजिटिंग कार्डावर छापा नाहीतर माळनाक्यावरच्या होर्डिंगवर, कड तेवढीच धारदार. म्हणून बॅनरवरचे पक्षचिन्ह टोकदार, मजकूर टोकदार, आणि ज्याच्यासाठी एवढा खर्च केला तो चेहरा तेवढा धुक्यात. "फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, काका," असे दादा दिवसभर सांगत असतो. काका मूळ फोटोचा पडद्यावरून दुसरा फोटो काढून तो डॉक्युमेंट म्हणून पाठवतात.

अक्षरांकडे वळले की कोरल एकदम मराठी होते. या दुकानांत जुन्या पद्धतीचे फॉन्ट अजून तग धरून आहेत: पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सीडॅकचे आयएसएमवाले. युनिकोड येण्याआधी ते असे बेतले गेले की संगणकाच्या दृष्टीने मजकूर इंग्रजीच, फक्त प्रत्येक इंग्रजी अक्षराच्या जागी मराठीचा एकेक तुकडा बसवलेला. कुठे काना, कुठे अर्धा श, कुठे रफार. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की कोरल पर्यायी फॉन्ट सुचवते, पोरगा ओके दाबतो, आणि कुलदैवतांच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरे, कंस आणि डॉलरच्या खुणा उमटतात.

देवनागरीचे हे तुकडे कमी कसे करावेत यावर रत्नागिरीने आधीच बराच विचार करून ठेवला आहे. इथेच जन्मलेल्या टिळकांनी 'केसरी'साठी छपाईच्या खिळ्यांची संख्या घटवण्याचा खटाटोप केला होता. १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांनी लिपिशुद्धीची चळवळ चालवली. इ, ई, उ, ऊ अशी वेगळी अक्षरे हवीत कशाला, अ लाच वेलांट्या-उकार द्या म्हणजे अि, अी, अु, अू करून काम भागते, असा त्यांचा व्यवहारी हिशेब होता. त्या काळचा जुळारी समोरच्या केसमधल्या शेकडो खणांतून न बघता नेमका खिळा उचलायचा. त्याच्या कामाच्या जागेत खण शेकडो होते, पण ते रात्रीत आपली जागा बदलत नसत. आजच्या पोराला अर्धा ण कुठल्या कळीवर आहे ते विचारावे, तो भिंतीवर चिकटवलेला तक्ता दाखवतो. तक्त्याचा नेमका तोच कोपरा फाटलेला असतो.

फॉन्टच्या या संकटावर दुकानांनी शोधलेला रामबाण म्हणजे कंट्रोल-क्यू. निवडलेल्या अक्षरांचे नुसते आकार होतात. मग फॉन्ट असो नसो, दुसऱ्या संगणकावर ती तशीच दिसतात. "कर्व्ह करून पाठव" हे छपाईच्या धंद्यातले निरोपाचे वाक्य आहे. त्यात गोम अशी की कर्व्ह केलेला मजकूर मग टाइप करून सुधारता येत नाही. संगणकाला तो मजकूर वाटतच नाही, 'हार्दिक' हा शब्दही त्याला डोंगर-दरीचा आकार. आणि चुका काढायला माणसे येतात ती कर्व्ह केल्यानंतरच. 'निमंत्रित' मधली वेलांटी दीर्घ पडली आहे, असे कुणीतरी निवृत्त मास्तर काउंटरवरून सांगतात. दादा मग शस्त्रक्रियेला बसतो. कंट्रोल-के ने आकार सुटे करायचे, दीर्घ वेलांटी काढून टाकायची, शेजारच्या 'विनीत' मधली ऱ्हस्व वेलांटी उचलून तिची प्रत इथे आणायची आणि शिरोरेषेला नीट टेकवायची. व्याकरण असे कातरीने दुरुस्त करणारी माणसे भाषाशास्त्राच्या कुठल्या विभागात मोजतात कोण जाणे.

आठवड्यातून एकदा तरी सगळी मांडणीच नाहीशी होते. कोरलमधल्या पट्ट्या आणि कप्पे ओढून हवे तिथे नेता येतात, आणि जे हवे तिथे नेता येते ते नको तिथेही जाते. नव्या पोराचा हात लागतो, डावीकडची पट्टी पानाच्या मधोमध तरंगू लागते. तो ती बाजूला ढकलायला जातो आणि बंदच करून टाकतो. मोजपट्ट्याही शिफ्ट धरून ओढल्या तर जागा सोडतात, मग एक मोजपट्टी साहेबांच्या कपाळावर आडवी येऊन राहते. उपाय आहे: कोरल बंद करायचे आणि एफ-८ दाबून धरून पुन्हा सुरू करायचे. सगळी अवजारे पहिल्या दिवसासारखी जागच्या जागी. पण त्याबरोबर दादाने वर्षानुवर्षे आपल्या हाताला बसवून घेतलेली मांडणीही पुसली जाते. २०१४ च्या एक्स-७ मध्ये तर लाइट, क्लासिक, डिफॉल्ट अशा तयार मांडण्यांतून निवडायची सोय आली. तरी बऱ्याच दुकानांत दादा २००६ सालच्या एक्स-३ ला धरून असतो. नव्या आवृत्तीतली फाइल त्यात उघडत नाही, म्हणून फाइल पाठवणाऱ्या प्रत्येकाला तो फोनवर बजावतो, "खालच्या व्हर्जनला सेव्ह करून दे." समोरचा ती खालच्या फोल्डरला सेव्ह करून देतो.

रोज बाणावर चालणाऱ्या या दुकानात खरेखुरे चित्र काढायची वेळ येते ती फेब्रुवारीच्या सुमारास. आंब्याच्या खोक्याचे काम येते. बागायतदाराला इंटरनेटवरचा आंबा नको असतो. ते कोणत्या देशातले फळ आहे कळत नाही. २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून तर तो खोक्यावरच्या चित्राबद्दलही काटेकोर झाला आहे. दादा सीझनच्या गडबडीत असतो, म्हणून काम नव्या पोराकडे येते. तो एफ-७ दाबून लंबगोल काढतो. कंट्रोल-क्यू केल्यावर त्या लंबगोलावर चार बिंदू दिसतात. एफ-१० दाबून शेप टूल घेतले आणि एका बिंदूवर टेकवले की त्यातून दोन हात बाहेर येतात, टोकाला बारीक खुणा असलेले. ते ओढले की रेष त्या बाजूला झुकते.

हे हात मूळचे मोटारीच्या कारखान्यातले. मोटारीच्या टपाचा बाक इंजिनिअर आणि कारागीर या दोघांना एकसारखा कळावा म्हणून फ्रान्समध्ये सित्रोएनच्या पॉल द कास्तेल्जोने १९५९ मध्ये त्यामागचे गणित मांडले; कंपनीने ते गुपित ठेवले. रेनॉच्या पिएर बेझिएने पुढच्या दशकात आपले काम उघडपणे छापले, म्हणून वक्ररेषेला नाव बेझिएचे लागले. पुढे १९८७ मध्ये ॲडोबीच्या इलस्ट्रेटरने ती चित्रकारांच्या हातात दिली, मग कोरलने. आणि आता कुवारबावच्या एका दुकानात ती आंब्याच्या खांद्याशी झटापट करत असते.

पोरगा डावीकडचा बिंदू वर उचलतो, खांदा भरतो. खालचा बिंदू थोडा बाजूला घेतो. रेषेवर दोनदा क्लिक करून एक नवा बिंदू घालतो, कारण देठाशी खळगा हवा. आत पिवळा भरतो, खांद्यावर हिरव्याची झाक देतो, वर दोन पाने. पडद्यावर आंबा तयार. बागायतदार चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतो.

"हा हापूस नव्हे. हा पायरी."

"का हो काका?"

"चोच बघ ना खाली. हापसाला अशी चोच कुठली?"

पोरगा जवळ जाऊन बघतो. खालच्या टोकाशी, एका हाताच्या किंचित जादा ताणाने, रेष वर वळून टोक निघालेले असते. तो तो हात आखडता घेतो. चोच जाते, पण आंब्याची बूडबाजू सपाट होते. "आता झाला नारळ," काका म्हणतात. मग उजवा हात, मग डावा, मग बिंदूच काढून टाकणे, मग पुन्हा घालणे. यंदाचा मोहर कसा होता आणि थ्रिप्सने काय केले हे सांगता सांगता काका बोटाने हवेत खांद्याचे वळण काढून दाखवत राहतात, आणि पोरगा त्या बोटाकडे बघत माऊस हलवतो. खुर्चीमागे उभे राहून कुणी इतक्या नेमकेपणाने काही सांगितल्याचे त्या दुकानात पूर्वी झालेले नसते. फोटो मोठा करायला कुणी सांगत नाही. तासाभराने आंब्याचा डावा खांदा उजव्यापेक्षा उचललेला, पोट भरलेले, खाली चोच नाही, असा एक आकार पडद्यावर स्थिरावतो.

"हां," काका म्हणतात. "हा आमच्या बागेतला."

आता फक्त खोक्याच्या तळाची पट्टी उरते. बागेचे नाव आणि मोबाइल नंबर असलेली ती पट्टी गेल्या वर्षीच्या छापखान्यातून मागवलेली, अर्थात कर्व्ह करून आलेली. नंबर तेवढा बदलायचा असतो, शेवटचा आकडा तीन होता तो सहा करायचा. तो फॉन्ट दुकानात नसतो आणि बाकीच्या नऊ आकड्यांत सहा कुठेच नसतो. पोरगा थोडा वेळ पट्टीकडे बघत बसतो. मग शेवटचा तीन निवडतो, वर प्रॉपर्टी बारवर जाऊन आडव्या आरशाचे बटण दाबतो. देवनागरी तीन उलट तोंड करतो आणि सहा होऊन उभा राहतो. जाड-बारीक रेषा बाकी आकड्यांच्या विरुद्ध बाजूला गेलेल्या असतात, पण ते ओळखायला जुळारीच हवा, आणि खोके जाणार वाशीच्या मार्केटात.

काकांनी नंबर मोठ्याने वाचला, खिशातला फोन काढून ताडून बघितला, बरोबर निघाला. मग बिलावर नजर टाकून त्यांनी विचारले, "डिझाइनचे वेगळे कशाला लावलेस? आंबा आमचा, नंबर आमचा. तुझं काय आहे यात?"